डोळे उघडे ठेवून

पहाटे साडेपाच, भोर

मी खुर्चीत बसते. पाय फरशीला टेकलेले, डोळे उघडे, नजर समोरच्या भिंतीच्या खालच्या कडेला. अर्धा तास. आषाढ चालू आहे, नीरेचं पाणी चढलंय, शेजारी कुणीतरी बंब पेटवतंय. विचार येतात, त्यातले बरेचसे माणसांचे असतात. काल रडत गेलेली मुलगी रात्री झोपली असेल का? मन तिकडे गेलं हे ध्यानात आलं की पुन्हा तळपायांकडे यायचं. काम एवढंच. समुपदेशकाने रोज स्वतः बसलंच पाहिजे, याबाबत मी हट्टी आहे. जे आपण सकाळी केलं नाही ते दुपारी दुसऱ्याला कोणत्या तोंडाने सांगायचं?

सहाला चहा, डबे, घरातली धावपळ. मग माझी पिशवी. तीत नोंदवही, नैराश्य तपासायची नऊ प्रश्नांची मराठी प्रश्नावली, ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लिहिलेल्या चिठ्ठ्या आणि तांदळाच्या दोन पुड्या. एकीत इंद्रायणी, दुसरीत आंबेमोहोर.

साडेसात, रस्त्यावर

भोरहून वेल्ह्याला जायचं तर कापूरहोळला हायवेला लागायचं, चेलाडी फाट्यावरून नसरापुरात शिरायचं आणि मार्गासनी, विंझर करत तोरण्याच्या पायथ्याशी पोचायचं. वेल्हे तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पण बोलताना अजून सगळे वेल्हेच म्हणतात. मी दुचाकीवर, रेनकोटात. या दिवसांत घाई करून उपयोग नसतो.

भोर सुटलं की भाटघरचं धरण येतं. १९२८ मधलं. त्याचं पाणी कालव्याने खाली बारामती-इंदापूरच्या उसाला जातं. पाण्याखाली गेलेल्या गावांतली माणसं डोंगराच्या अंगाला सरकली. पुढे पानशेत झालं, नीरा-देवघर झालं, गुंजवणी झालं. दोन तालुक्यांत एवढी धरणं, आणि वरच्या वाड्यांवर उन्हाळ्यात बायका हंडे घेऊन उतरतात. भाताचं एक पीक झालं की हाताला काम नाही, म्हणून पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला. आता पोरं पुण्याला, नाहीतर शिरवळच्या कारखान्यांत. मागे राहतात त्या बायका, म्हातारी माणसं आणि शाळेतली मुलं. माझ्याकडे येणाऱ्यांच्या दुखण्याचं निम्मं कारण या रस्त्यावरच दिसतं. ते ज्याला दिसत नाही, त्याने या लोकांना ‘वर्तमानात राहा’ असं सांगायला येऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांचं वर्तमान काय आहे ते आधी बघावं.

मी या खोऱ्यातलीच. वडील मुंबईला माथाडी कामगार, वर्षातून दोनदा यायचे, गणपतीला आणि शिमग्याला. आई आम्हा भावंडांना घेऊन गावी. भात झोडून झालं, पौष उजाडला की आईचं बोलणं हळूहळू बंद व्हायचं. चुलीपुढे बसलेली असायची, तव्यावरची भाकरी करपून धूर व्हायचा तरी हात हलायचा नाही. मी धाकटी, मी जाऊन भाकरी उलटायची. शेजारणी म्हणायच्या, बाहेरचं आहे. अंगारा झाला, उतारा झाला, एक कोंबडंही गेलं. तिला कुणी दवाखान्यात नेलं नाही, कारण हा दवाखान्यात न्यायचा आजार असतो हे आमच्या वाडीत कुणाच्या गावीही नव्हतं. पुण्यात एम. ए. करताना मानसशास्त्राच्या वर्गात वारंवार उलटणाऱ्या नैराश्याची लक्षणं सर फळ्यावर लिहीत होते आणि मला ती करपलेली भाकरी दिसत होती. तोवर आई जाऊन चार वर्षं झाली होती.

एक गोष्ट मात्र पुस्तकात नव्हती. पावसाळा लागला, चिखलणी झाली, की आई उठायची. लावणीच्या ओळीत वाकली की पहिले दोन दिवस गप्प, तिसऱ्या दिवशी शेजारणीशी एखादा शब्द. तेव्हा मी एवढंच बघितलं होतं की हात चिखलात गेले की तिचा चेहरा बदलतो. लावणीने तिचा आजार बरा केला असं मी म्हणणार नाही. त्याच लावणीने तिची कंबर मोडली. पण माणसाचं लक्ष डोक्यातून उतरून हातापायांत येतं तेव्हा काय होतं, याचा पहिला धडा मला तिथेच मिळाला.

साडेनऊ, वेल्हे

शाळेत आठवीच्या वर्गावर पंधरा मिनिटं. राज्य सरकारच्या ‘मित्र’ उपक्रमात शाळांमधून आनापान, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे बघणं, शिकवलं जातं. शिक्षकांनी मला त्याच वेळात बोलावलंय. मुलं हे फार चटकन करतात. दोन मिनिटांनी विचारलं, “मन कुठं कुठं जाऊन आलं?” मागच्या बाकावरून उत्तर आलं, “मॅडम, खेकड्याला!” सगळा वर्ग हसला. मी त्याला म्हटलं, बरोबर सांगितलंस, मन गेलेलं ज्याला कळलं त्याला आजचा धडा आला. या दिवसांत ओढ्याला खेकडे असताना पोराचं मन तिथेच जाणार.

साडेदहा, दवाखान्यामागची खोली

एका लहान संस्थेसाठी मी इथे आठवड्यातून दोनदा बसते. दोन खुर्च्या, एक टेबल, दार नेहमी अर्धं लोटलेलं. पूर्ण बंद केलेल्या दारामागे बसायला इथल्या बायकांना संकोच वाटतो, आणि सताड उघड्या दारात त्या बोलत नाहीत. (पुढे जे लिहितेय त्यात कुणाची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, दोन-तीन जणांचं एकत्र केलं आहे.)

गावातल्या आशा सेविका, आमच्या आशाताई, एका मावशींना घेऊन आल्या. पन्नाशीच्या. डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ, पाय गुडघ्यापर्यंत लाल चिखलाने माखलेले. बसल्या त्या खुर्चीच्या कडेवर.

“काय होतंय मावशी?”

“आता काय सांगू ताई, समदं अंगच दुखतंया. डोकं जड, पोटात आग, रातीला डोळ्याला डोळा न्हाय. काय करावंसंच वाटत न्हाय.”

मनाचा आजार इथे मनाचं नाव घेऊन येत नाही. तो अंगदुखी म्हणून येतो, मुंग्या म्हणून येतो, ‘जीव घाबरा होतो’ म्हणून येतो. त्यामुळे पहिला प्रश्न डॉक्टरांनी तपासलं का, हाच. रक्त कमी आहे का, थायरॉइड बघितलं का, बीपी, साखर. हे न बघता श्वासाकडे लक्ष द्या म्हणणं म्हणजे माणसाशी खेळणं. मावशींचं तपासून झालं होतं. रक्त थोडं कमी, बाकी ठीक.

मग नऊ प्रश्न. ते मी वाचून दाखवत नाही, बोलता बोलता विचारते. नवव्यापाशी मी थांबते आणि तो सरळ, स्पष्ट शब्दांत विचारते. “मेलेलं बरं, असं मनात येतं का?”

मावशींनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. “येतं की. पर पोरीचं लगीन व्हायचंय न्हवं.”

असं विचारल्याने माणसाच्या डोक्यात नको ते भरतं, हा समज शिकलेल्यांमध्येही आहे. तो खोटा आहे. विचारल्याने बहुतेकांना हायसंच वाटतं. मी पुढचेही प्रश्न विचारले. किती दिवसांपासून, रोज की कधी कधी, घरी कोण कोण असतं, फवारणीचं औषध घरात ठेवलेलं आहे का. शेवटच्या प्रश्नाला त्या ‘हो’ म्हणाल्या. मी आशाताईंकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. त्यांना वेगळं सांगावं लागत नाही.

इथे माझ्या शास्त्रातली एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती सांगायची राहून जाते. झिंडेल सीगल, मार्क विल्यम्स आणि जॉन टीझडेल यांनी नैराश्यासाठी सजगतेवर आधारलेली आठ आठवड्यांची पद्धत बसवली, तिचा पहिला मोठा अभ्यास २००० साली छापून आला. त्यात होते ते आजारातून वर आलेले लोक. तीन किंवा जास्त वेळा आजारी पडलेल्यांपैकी नेहमीच्या उपचारांवर ६६ टक्के लोकांचा आजार पुन्हा उलटला, आणि ही पद्धत शिकलेल्यांत ३७ टक्क्यांचा. दोनदाच आजारी पडलेल्यांना मात्र त्या अभ्यासात तसा फायदा दिसला नाही. म्हणजे ही पद्धत मुळात आजार उलटू नये म्हणून आहे. ऐन आजारात बुडालेल्या माणसाला एकटं डोळे मिटून बसवायला नाही. मावशींना आधी मानसोपचारतज्ज्ञ हवा, बहुधा गोळ्या हव्यात, आणि माणसं हवीत. माझा भाग नंतरचा.

पण त्या उठून गेल्या असत्या तर त्याच जड डोक्याने गेल्या असत्या. म्हणून मी पुड्या काढल्या. डाव्या तळहातावर एकीतले चिमूटभर दाणे, उजव्यावर दुसरीतले.

“मावशी, कुठला कुठला सांगा बरं.”

त्यांनी बघितलं नाही, थेट नाकाशी नेलं. डावा हात, मग उजवा. पुन्हा डावा. एक दाणा दाताखाली धरला, कट्‌ केला. कपाळावरची आठी गेली होती. “ह्यो इंद्रायणी. नवा हाय. आन ह्यो आंबेमव्हर. पर ताई, तुमाला दुकानदारानं फसवलंय, ह्यात मिसळ हाय.” आणि तळहातावर दाणे पसरून त्यांनी मला बोटाने एकेक वेगळा करून दाखवला. हा आखूड, हा बघा लांब, ह्याचं टोक बघा. पाच-सात मिनिटं तरी गेली असतील. आशाताई, मी आणि मावशी, तिघींची डोकी त्या तळहातावर.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये दुखण्याने त्रासलेल्या रुग्णांसाठी वर्ग सुरू केला, त्यात पहिल्याच दिवशी एक मनुका हातात देतात. ती बघा, हुंगा, हळू खा. मीही तशीच शिकले. पण इथे मनुका दिली की ती पाहुण्यासारखी हातात राहते. तांदूळ दिला की समोरची बाई माझ्यापेक्षा जाणती ठरते, आणि जिने महिनोन्‌महिने ‘मला काय कळतंय’ याखेरीज स्वतःबद्दल काही म्हटलेलं नाही, ती मला समजावून सांगायला लागते. लक्ष कसं द्यायचं ते तिला येतंच. माझं काम, ते तिला येतं हे तिच्या नजरेला आणून देणं.

“आत्ता डोकं कसं आहे?”

मावशींनी जरा वेळ घेतला. “हाय. पर मगाशी नव्हतं.”

एवढंच मला हवं होतं. मी डोळे मिटायला सांगितलं नाही. पहिल्या भेटीत मी कुणालाच सांगत नाही. ज्या बाईला रात्रीच्या अंधारात दाराची कडी वाजण्याची धास्ती आहे, तिच्यासाठी मिटलेले डोळे म्हणजे विश्रांती नव्हे. कुणाला डोळे मिटले की जुनं सगळं धावून येतं, श्वासाकडे बघितलं की श्वासच अडतो. त्यांना मी पायाखालची जमीन देते, हातातला दाणा देते, खिडकीतला तोरणा देते. श्वास मागाहून. काहींना कधीच नाही, आणि त्यानेही काही बिघडत नाही.

त्यांच्यानंतर अजून चौघं. एका तरुण आईला बाळंतपणानंतर झोप नाही. एका आजोबांना खरं तर चष्मा आणि बोलायला कुणीतरी हवं होतं.

दीड

जमलेल्या सगळ्या आशाताईंबरोबर डबा. नाचणीची भाकरी, अळूचं फदफदं, सुकट. बोलता बोलता एकीने विचारलं, “ताई, ते विपश्यनेचं तुम्ही शिकवता ते त्यांचं असतंय ना?”

‘त्यांचं’ म्हणजे कुणाचं ते मला कळलं. गावात बौद्ध वस्ती आहे, तिथले दोघं-तिघं शिबिराला जाऊन आलेत. मी सांगितलं, हो, ही बुद्धाची शिकवण आहे आणि ते लपवायचं मला काही कारण दिसत नाही. ज्या वस्तीला गावाने पाणवठ्यावर येऊ दिलं नाही त्या वस्तीने ती जपली, याचा मला आदर वाटतो. विपश्यना शिकवणारे सत्यनारायण गोएंका १९६९ मध्ये ब्रह्मदेशातून इथे आले, १९७६ मध्ये इगतपुरीला धम्मगिरी हे केंद्र सुरू झालं, तिथे कुणालाही जात विचारत नाहीत. दवाखान्यात इंजेक्शन कुठल्या देशात शोधलं ते आपण विचारतो का? त्या गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “माझ्या सासूला आणू का पुढल्या वेळी?” मी म्हटलं, आणा.

अडीच, तोरण्याच्या अंगाची एक वाडी

बचत गटाची बैठक देवळाच्या ओसरीवर. ज्ञान प्रबोधिनीसारख्या संस्थांनी या खोऱ्यात बायकांचे गट बांधले, म्हणून महिन्यातून एकदा पैशांच्या हिशोबाला एकत्र बसायची सवय लागली. मी त्या हिशोबानंतरचा अर्धा तास मागून घेतलाय. वेगळी बैठक बोलावली असती तर ‘डोक्याच्या बाईकडं’ कोण आलं असतं?

लावणीचे दिवस. कुणालाच अर्धा तासही नव्हता. त्यांची सावड चालली होती, आज हिच्या खाचरात, उद्या तिच्या. म्हणून हिशोब आटोपला आणि आम्ही सगळ्या खाचरातच गेलो. दोरी ताणलेली होती, चारसूत्री लावणीची, ठरावीक अंतरावर गाठी. गाठ आली की रोप. मी सँडल बांधावर काढल्या.

मी त्यांना सांगितलं, कामाचा वेग कमी करायचा नाही. फक्त गाठीपाशी हात गेला की तळपायाखालचा चिखल कसा लागतोय ते बघायचं, गार की कोमट, आणि पुढच्या गाठीला जायचं. मध्ये घरचं आठवेल, भांडण आठवेल, दुकानाची उधारी आठवेल. आठवू द्यायचं. गाठ आली की पाय. सात-आठ ओळी झाल्यावर एक जण कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. “ताई, माझा डावा पाय समदा भार घेतोय. येवढी वर्सं मला ठावंच न्हवतं.” तिने पाय बदलला. दुसरी म्हणाली, “मला तर सासूच दिसत व्हती हरेक गाठीला.” हशा झाला. पहिलीला सापडलेला डावा पाय मला महत्त्वाचा वाटतो. दुखणं टळलं नाही, पण ते कुठून सुरू होतं ते कळलं, आणि तिने स्वतः त्यावर काहीतरी केलं.

ज्यांच्या मजुरीचा दर पुरुषांपेक्षा कमी आहे त्यांना मी मजुरीही शांतपणे करा असं शिकवत नाही. याच गटात मागच्या महिन्यात मजुरीवर चांगली तासभर चर्चा झाली. आपल्याला राग येतोय हे ज्यांना नीट कळतं, त्यांना तो कुणावर काढायचा आणि कुणावर नाही हेही कळतं. पोरांवरचे फटके त्याने कमी होतात, हे मी पाहिलंय.

साडेचार, नसरापूर

पावसाने गाठलं. चहाच्या टपरीवर आडोसा.

मला लोक विचारतात, तुम्ही याच वाटेला कशा लागलात. आईचं सांगितलंच. पण शिक्षण झाल्यावर मी ध्यानाच्या जवळपासही नव्हते. पुण्यात एका व्यसनमुक्ती केंद्रात काम करत होते, लग्न झालं, मुलगी झाली. ती आठ महिन्यांची असताना मला रात्री-अपरात्री छातीत धडधडून जाग यायला लागली. हातपाय गार, आत्ता मरतेय अशी खात्री. हृदयाच्या तपासण्या झाल्या, सगळं नीट. मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी गोळ्या दिल्या, मी त्या दीड वर्ष नियमाने घेतल्या. त्या काळात मी त्यांना म्हटलं, इगतपुरीला दहा दिवसांच्या शिबिराला जाते. त्या म्हणाल्या, आत्ता नाही. तिथे पहाटे चारला घंटा होते, दिवसाचे दहा-एक तास बसायचं, पहिले तीन दिवस फक्त श्वास, मौन. ज्याला श्वासाचीच भीती बसलीय त्याने तिथून सुरुवात करू नये. शिबिराच्या अर्जातही मानसिक आजाराबद्दल आणि औषधांबद्दल विचारतात, ते यासाठीच. आधी बरी हो, थोड्या वेळाने सुरुवात कर, डोळे उघडे ठेवून कर.

तो सल्ला माझ्या पुढच्या सगळ्या कामाचा पाया झाला. मी पुण्यातच आठ आठवड्यांचा एक छोटा वर्ग केला, आठवड्यातून एकदा. घरी दहा मिनिटं चालायचं, पावलं बघत. भांडी घासताना पाण्याची धार. धडधड आली की तिच्याशी भांडायचं नाही, ती छातीत नक्की कुठे सुरू होते, घशापर्यंत येते की नाही, किती वेळ टिकते ते बघायचं. एका रात्री ती आली, मी बघत राहिले आणि ती गेली. मुलगी शेजारी झोपलेलीच होती. गोळ्या थांबल्यावर दोन वर्षांनी मी इगतपुरीला गेले, आणि तेव्हा ते दहा दिवस मला झेपले.

पाऊस उघडला नाही, पण निघावं लागलं.

सहा, भोर

राजवाड्याच्या अलीकडे भाड्याची खोली. संध्याकाळी इथे येणारे फी देतात, त्यावर वेल्ह्याचं पेट्रोल निघतं. आज पहिले आले ते निवृत्त शिक्षक. २०२० साली ‘लोकसत्ता’त डॉ. यश वेलणकर ‘मनोवेध’ हे सदर लिहीत, त्याची कात्रणं सरांनी वहीत चिकटवून ठेवली आहेत. पत्नी गेल्यापासून त्यांना दुपार खायला उठते. साक्षीध्यान, म्हणजे मनात-शरीरात जे येईल त्याकडे तटस्थपणे बघणं, त्यांना माझ्याइतकंच पाठ आहे. त्यांना हवं आहे ते कुणासमोर तरी ते करून बघणं. आम्ही दोघं वीस मिनिटं बसलो. नंतर ते बायकोच्या हातच्या पुरणपोळीबद्दल बोलले, रडले, वही घेऊन गेले.

स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा मुलगा आज आला नाही. त्याला फोन केला, अभ्यासिकेत होता, आवाज बरा वाटला.

मग शिरवळच्या कारखान्यातला दादा. दारू सोडून तीन महिने झालेत. पहिली पाळी सुटते, गाडी भोरच्या वाटेला लागते आणि तलफ येते. रोज त्याच वळणावर. व्यसन हा आजार आहे, बदनामी नव्हे, हे पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने किती घरांत पोचवलं ते मी त्या क्षेत्रात काम करताना पाहिलंय. तलफेचं काय करायचं, ते मात्र मी ॲलन मार्लाट यांच्या लिखाणातून शिकले. हे सिएटलचे मानसशास्त्रज्ञ. १९९७ मध्ये तिथल्या एका तुरुंगात गोएंकांच्या परंपरेतलं शिबिर झालं. पुढे मार्लाट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या तुरुंगातल्या कैद्यांचा अभ्यास केला. २००६ मध्ये तो छापून आला. शिबिर केलेले कैदी सुटल्यावर इतरांच्या मानाने कमी पीत होते, नशाही कमी करत होते. मार्लाट यांचं म्हणणं असं की तलफ चढते, माथ्यावर येते आणि आपण काही केलं नाही तरी उतरते. तिला दाबायचं नाही आणि तिचं ऐकायचंही नाही.

दादाला मी घड्याळ लावायला सांगितलं होतं. त्याने मोबाइल पुढे केला, रोजच्या नोंदी. तलफ कुठे लागते: जिभेखाली, मग हातात. किती मिनिटं. पहिल्या आठवड्यात बावीस, पंचवीस. या आठवड्यात नऊ, अकरा, आणि बुधवारी पुन्हा तीस.

“बुधवारी काय झालं?”

“पगार झाला, ताई.”

“मग काय केलंत?”

“गाडी बाजूला घेतली. तुम्ही सांगितलं तसं हँडल घट्ट धरलं, सोडलं, धरलं, सोडलं. बायकोला फोन लावला. ती म्हणाली, मी बोलत राहते, तुम्ही ऐका. तिने अख्खा बाजारहाट सांगितला मला.”

ही त्याच्या बायकोची युक्ती, माझ्या कुठल्याच पुस्तकात नव्हती. मी ती वहीत लिहून घेतली. पुढच्या पगाराच्या दिवशी तिने पाळी सुटायच्या वेळी आपणहून फोन करायचा, असं ठरलं. पगार परस्पर तिच्या खात्यात जाईल का, हेही बघायला सांगितलं. सगळंच मनाच्या ताकदीवर सोडायचं नसतं.

साडेआठ

जेवण, मुलीचा अभ्यास. मग पुण्यातल्या माझ्या ज्येष्ठ सहकारी बाईंना फोन. दर आठवड्याला मी त्यांच्यापुढे माझं काम मांडते. ज्याच्या कामावर दुसऱ्या कुणाची नजर नाही, अशा समुपदेशकाकडे मी माझ्या माणसाला पाठवणार नाही. या क्षेत्रात आता आठवड्याच्या ऑनलाइन कोर्सवर ‘माइंडफुलनेस कोच’ होणारे खूप झालेत. त्यांच्यापैकी कितीजण नववा प्रश्न विचारतात, याची मला खरोखर काळजी वाटते.

आज त्यांच्याशी फक्त मावशींबद्दल बोलले. तांदळाचं ऐकून त्या हसल्या, पण लगेच विचारलं, औषधाच्या डब्याचं काय केलंस? मानसोपचारतज्ज्ञांची वेळ? घरात कुणाला सांगितलं? तिन्ही बरोबर प्रश्न. मावशींच्या संमतीने मुलीला सांगितलं होतं. वेळ गुरुवार सकाळची मिळाली होती. डब्याचं आशाताई बघणार होत्या. तोवर मावशींना एकटं ठेवायचं नाही, हेही मुलीला समजावलं होतं, आणि १४४१६ ची चिठ्ठी तिच्या पर्समध्ये होती. बाई म्हणाल्या, आशाताईंचा निरोप आल्याशिवाय झोपू नकोस.

वाडीवर रेंज नसते. पावणेदहाला आशाताईंचा फोन आला, रस्त्यापर्यंत चालत येऊन केलेला.

“ताई, फवारणीचा डबा मी माझ्या घरी आणून कुलपात टाकला. त्यांची जाऊ आज रात्री त्यांच्यापाशी झोपतीय. आन मावशी विचारत होत्या, गुरुवारी दवाखान्यात तुम्ही असणार का म्हून. त्यांच्या घरचा आंबेमव्हर आणणारेत, बिनमिसळीचा.”

असणार आहे म्हणून सांगा, मी म्हटलं, आणि सकाळच्या पहिल्या एसटीने निघा, नंतरची कधी रद्द होते त्याचा नेम नाही.